पाच मिनिटं

जबलपूरच्या मदनमहाल टेकडीवर एक भलामोठा खडक दुसऱ्या खडकावर नुसता टेकून उभा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरं पडली, तो मात्र जागचा हलला नाही. तिथे गेलेली मुलं आधी खांदा लावून त्याला ढकलून बघतात. आमच्या चर्चच्या तरुण संघाने महिन्यातून एका शनिवारी आसपासच्या गल्ल्यांमधल्या मुलांना फिरायला न्यायचं ठरवलं, तेव्हा पहिली जागा म्हणून मीच ही टेकडी सुचवली.

मी मूळची नगरची. लग्न होऊन इथे आले. इथली उपासना हिंदीत असते. मराठी भजनं म्हणायची ती घरी, पोळ्या लाटताना. शेजारच्या काकूंचं घराणं चार पिढ्या जबलपूरचं. दिवसभरात मी मराठी बोलते ती त्यांच्याशीच. त्यामुळे सहलीसाठी पहिल्यांदा विचारलं ते त्यांच्या नातवाला.

बैठकीत कार्यक्रम ठरला होता: चढण, कबड्डी, झाडांची ओळख, डबा, आणि ‘खेल के बाद पाँच मिनट’. त्या पाच मिनिटांत येशूची एखादी गोष्ट सांगायची. कोणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण काकूंच्या ओट्याशी उभी राहून मी चढण सांगितली, कबड्डी सांगितली, डबा सांगितला आणि थांबले.

काकूंनी चहा गाळता गाळता विचारलं, “बाकी काही नाही ना गं?”

मी गप्प राहिले तशा त्याच पुढे म्हणाल्या, “मी ‘स्मृतिचित्रे’ दोनदा वाचलंय. टिळकांनाही रेल्वेत कोणीतरी सहज म्हणून पुस्तक दिलं होतं. पुढे लक्ष्मीबाईंचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने ना. वा. टिळकांना बायबल दिलं. आमच्या घरी तो प्रवास देवाची योजना म्हणूनच सांगितला जाई. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षं लहान मुलाला घेऊन त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुस्तक एकच. आम्ही त्यातला गाडीचा डबा लक्षात ठेवला होता, काकूंनी मागे राहिलेली बाई.

ही शंका या भागाला नवी नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असतानाच, १९५४ मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली गेली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला, १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याहून कडक कायदा आला. पण काकू मला कायदा विचारत नव्हत्या. चहाची कपबशी पुढे सरकवून त्या शेजारणीला विचारत होत्या.

मी पाच मिनिटांचं सांगून टाकलं.

“मग आधी का नाही सांगितलंस?” त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, पाच मिनिटं काढून टाकू. एक मुलगा चिडून म्हणाला, “तो फिर हम जाते ही क्यों हैं?” त्याचा प्रश्नही खोटा नव्हता. श्रद्धा घरी ठेवून बाहेर पडायचं, असं माझंही म्हणणं नव्हतं. मी पुन्हा टिळकांकडेच गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. येशूचं नाव घेणं त्यांनी सोडलं नव्हतं. पण दरबार कोणाचा, हे नावातच लिहिलेलं होतं. कबड्डीला म्हणून बोलावून कोणाला आत घेतलं नव्हतं. शेवटी ठरलं, की सहल ही सहलच. गोष्ट ऐकायची असेल त्याने रविवारी यावं, आईवडिलांना सांगून. तो मुलगा पुरता पटलेला दिसला नाही, पण शनिवारी दोरखंड आणि पाण्याचे कॅन त्यानेच उचलून आणले.

खडक ढकलून झाल्यावर सगळे सावलीत डबे उघडून बसले. आमच्या मुलांनी सवयीने डोळे मिटले. बाकीच्यांना मी काहीच सांगितलं नाही. काकूंचा नातू थालीपीठ हातात धरून थांबला होता.

“ते काय म्हणाले?”

“जेवायला मिळालं म्हणून देवाचे आभार मानले.”

“बरं,” म्हणून त्याने पहिला घास घेतला.

संध्याकाळी काकूंना मी सगळं सांगितलं, हा प्रश्नसुद्धा. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी थालीपिठं जास्त देते. तुमच्याच पोरांनी संपवली म्हणे.”

तेव्हापासून सहलीच्या आदल्या दिवशी मी घरोघर जाते आणि दिवसभरात काय काय होणार ते सांगते. कोणी विचारायची वाट पाहत नाही.