पाचशे रुपयांचे पुस्तक

नव्या पिकाच्या सणाला आमच्या चर्चच्या आवारात लिलाव होतो. मिस्सा संपली की वेदीसमोर वाहिलेल्या वस्तू बाहेर मांडवात आणल्या जातात आणि नारळ, भोपळा, केळीचा घड, कोणाच्या परसातली पहिली काकडी, एखादा कोंबडा, यांवर बोली सुरू होते. बाजारात ज्या नारळाला कोणी चाळीस रुपयेही देणार नाही, तो येथे पाचशेला जातो. तरी घेणारा फसला असे कोणी म्हणत नाही. त्याला बाजारभाव ठाऊक असतो, पुकारणाऱ्याला ठाऊक असतो आणि मांडवात बसलेल्या साऱ्या मंडळींनाही ठाऊक असतो. सारा व्यवहार उजेडात चाललेला असतो. या लिलावाकडे आम्ही आजवर कौतुकाने पाहत आलो. परंतु त्यापासून आम्हालाच काही शिकायचे आहे हे फार उशिरा, एका जुन्या पुस्तकाच्या निमित्ताने, आमच्या ध्यानी आले. धर्मगुरूने स्वतःची चूक प्रवचनपीठावरून सांगावी की नाही याविषयी मतभेद असू शकतील. त्रैमासिकातून ती सांगण्यास प्रत्यवाय नसावा.

आम्हाला क्रिकेटविषयीची जुनी पुस्तके जमवण्याचा छंद आहे. तो सेमिनरीत असताना जडला. सुटीच्या दिवशी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असत. तत्त्वज्ञानाचे एखादे पाठ्यपुस्तक स्वस्तात मिळेल या आशेने आम्ही तेथे जात असू आणि परतताना काखेत भलतेच पुस्तक असे. त्या ढिगात एके दिवशी विजय हजारे यांचे 'अ लाँग इनिंग्ज' हे १९८१ सालचे आत्मचरित्र हाती लागले. हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे संघ असत, आणि १९३७ सालापासून उरलेल्या साऱ्यांचा मिळून 'रेस्ट', म्हणजे 'इतर', असा पाचवा संघ झाला. आपण ख्रिस्ती माणसे त्या 'इतर'मध्ये मोडत होतो. १९४३ साली ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदूंविरुद्ध या संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी एक बाजू लावून धरली आणि तीनशे धावांच्या त्या भागीत स्वतः केवळ २१ केल्या. भावाला खेळता यावे म्हणून निमूट उभा राहणारा भाऊ आमच्या तरुण मनाला एखाद्या दृष्टान्तासारखा वाटला. पुढे १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. त्या पुस्तकापासून आमचे कपाट भरू लागले.

२००५ साली महापालिकेने त्या पदपथावरचे बहुतेक विक्रेते हटवले. ढीग उठले आणि आमच्यासारख्यांची धाव लिलावांच्या सूचीपत्रांकडे वळली. हे जग ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक वस्तूला सूचीत क्रमांक असतो, खाली अंदाजित किंमत छापलेली असते, आणि विकणाऱ्याने आधी ठरवलेली एक राखीव किंमत असते. तिच्या खाली बोली राहिली तर वस्तू विकली जात नाही. हातोडा पडल्यावर घेणाऱ्याला बोलीखेरीज लिलावगृहाचा आकार आणि करही भरावा लागतो. पुस्तकाचे मोल तीन गोष्टींवर ठरते. प्रती किती उरल्या, उरलेली प्रत कोणत्या अवस्थेत आहे, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली. 'विस्डेन' हे क्रिकेटचे वार्षिक १८६४ साली प्रथम निघाले, तेव्हा त्याची पाने ११२ आणि किंमत एक शिलिंग होती. आज त्या प्रतीसाठी हजारो पौंड मोजले जातात. गोल्फच्या संग्राहकांचे वेडही असेच आहे; १७४३ साली एडिंबरा येथे छापलेल्या 'द गॉफ' या छोट्याशा विनोदी काव्यासाठी ती मंडळी जीव टाकतात. आमच्या किनाऱ्यावर मात्र पुस्तकाचा पहिला शत्रू खारा वारा. पावसाळ्यात पुठ्ठ्यावर बुरशी चढते, पानांवर तांबूस ठिपके उमटतात, आणि उरलेले काम कसर करते.

धर्मप्रांतीय धर्मगुरू संन्याशांप्रमाणे दारिद्र्याचे व्रत घेत नाही. तथापि त्याने साधेपणाने राहावे अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा असते. म्हणून वर्षाकाठी एखादे पुस्तक, यापलीकडे आम्ही गेलो नव्हतो. सूचीपत्रे मात्र आम्ही प्रार्थनापुस्तकाइतक्याच नेमाने वाचत होतो, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध विधवा राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांचे सासरे तरुणपणी मुंबईत एका पारशी शेठकडे खानसामा होते. शेठच्या घराची आवराआवर झाली तेव्हा काही भांडी आणि पुस्तकांची एक ट्रंक त्यांच्या वाट्याला आली आणि बोटीतून आमच्या किनाऱ्यावर उतरली. घर आशीर्वादण्यासाठी गेलो असता मावशींनी ती ट्रंक उघडून दाखवली. वर जुनी वर्तमानपत्रे, कुलूप नसलेली एक पेटी, शेठचे एक छायाचित्र. आणि तळाशी, मेणकापडात गुंडाळलेले असल्यामुळे वाऱ्यापासून वाचलेले, शापूरजी सोराबजी यांचे १८९७ सालचे पारशी क्रिकेटचे इतिवृत्त.

क्रिकेटच्या भारतीय इतिहासात या पुस्तकाचे स्थान मोठे आहे. मुंबईच्या मैदानावर युरोपियन साहेब पोलो खेळत आणि त्यांच्या घोड्यांच्या टापांनी देशी मुलांची खेळपट्टी उखडली जाई. त्याविरुद्ध देशी खेळाडूंनी अर्जविनंत्यांची जी लढाई १८८०च्या दशकात केली, तिची हकीकत सोराबजींनी लिहून ठेवली आहे. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या क्रिकेट-इतिहासात तिचा मोठा आधार घेतला आहे. हे सारे आम्हाला ठाऊक होते. आमचे हात थरथरत होते आणि ते आम्ही झग्याच्या बाह्यांत लपवले.

"मावशी, हे मला द्याल का? किती देऊ?"

"रद्दीवाला किलोला धा रुपये देतो, फादर. तुमाला वाटेल ते द्या."

आम्ही पाचशे रुपये दिले. मावशी संकोचल्या, इतके कशाला, म्हणाल्या. आम्ही उदारपणाचे हास्य केले आणि पुस्तक घेऊन निघालो.

पुढले काही आठवडे आम्ही सुखात होतो. नंतर एका सूचीपत्रात त्या काळच्या तशाच एका पुस्तकाची अंदाजित किंमत पाहिली. ती आमच्या पाचशे रुपयांच्या कितीतरी पट होती. किमतीने आम्ही चकित झालो असे म्हणता आले असते, तर ही हकीकत लिहावी लागली नसती. आम्ही चकित झालो नाही. ट्रंकेजवळ गुडघे टेकून बसलो होतो, त्याच क्षणी आम्हाला ती साधारण ठाऊक होती.

मन समर्थने शोधण्यात मोठे कुशल असते. पुस्तक रद्दीत जाणार होते, आम्ही ते वाचवले. मावशींनी स्वखुशीने दिले. रद्दीवाल्याहून आम्ही कितीतरी अधिक दिले. यांतले एकही वाक्य खोटे नव्हते. परंतु सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला ऐकलेले संत थॉमस अक्वायनस या समर्थनांच्या आड येऊन उभे राहिले. 'सुम्मा'मध्ये खरेदीविक्रीतील लबाडीविषयी ते लिहितात तेव्हा विकणाऱ्यालाच दोष देऊन थांबत नाहीत. सोने पितळ समजून कोणी विकत असेल आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे ठाऊक असेल, तर तो व्यवहार अन्यायाचा आहे आणि घेणाऱ्यावर भरपाईचे बंधन आहे, असा त्यांचा निर्णय आहे. त्यांच्याही आधी संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात ओळखीच्या एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नव्हती आणि म्हणून तो अगदी थोडे मागत होता. त्या माणसाने, समोरच्याला अपेक्षा नसताना, पूर्ण योग्य किंमत मोजली. सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट परीक्षेपुरती पाठ केली होती. ती पुस्तक विकत घेण्याविषयीच आहे, हे आमच्या कपाटात तसे पुस्तक येईपर्यंत आम्हाला जाणवले नव्हते.

एका शनिवारी पुस्तक त्याच मेणकापडात गुंडाळून आम्ही मावशींच्या ओटीवर गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी मधे एक शब्द उच्चारला नाही. शेवटी विचारले,

"तवा ठावं होतं तुमाला?"

"होय, मावशी."

त्यांनी पुस्तक घेतले, आत नेऊन ठेवले आणि चहा आणला. चहा नेहमीसारखाच होता. पण नेहमीच्या गप्पा त्या दिवशी झाल्या नाहीत. धर्मगुरूवरचा विश्वास कसा जातो हे आम्ही पुस्तकांतून पुष्कळ वाचले होते. तो समोर बसून चहा ओतताना कसा दिसतो, हे त्या दिवशी पाहिले.

पंधरा दिवसांनी मावशींनी निरोप पाठवला. बोटीवर नोकरीस असलेल्या मुलाशी त्या फोनवर बोलल्या होत्या. पुस्तक विकायचे, पण रीतसर. "लिलाव म्हंजे आपल्या चर्चात होतो तसाच ना?" त्यांनी विचारले. तसाच, असे आम्ही म्हणालो आणि त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. जानेवारी २०२० मध्ये शेन वॉर्नने आपली कसोटीची हिरवी टोपी ऑस्ट्रेलियातील वणव्यांत होरपळलेल्या लोकांसाठी लिलावात काढली. तिला दहा लाख डॉलरांहून अधिक मिळाले. त्याच वर्षी करोनाच्या दिवसांत पाकिस्तानच्या अझर अली याने, ज्या बॅटने २०१६ साली दुबईत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ३०२ धावा काढल्या होत्या, ती बॅट गरजूंच्या मदतीसाठी लिलावास ठेवली, आणि ती दहा लाख पाकिस्तानी रुपयांना कोणी घेतली? आपल्या पुण्याच्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयाने. मावशी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. "मंग तुमीपन बोला, फादर. नारळावर बोलता तसं."

कागदपत्रे, छायाचित्रे, ट्रंकेची हकीकत, सारे आम्ही लिहून दिले. शेठच्या छायाचित्रामुळे मालकीचा मागही पक्का झाला. लिलावाच्या दिवशी मावशींच्या ओटीवर बसून आम्ही फोन कानाला लावला. आमची मर्यादा आम्ही आधीच ठरवली होती आणि ती त्यांना सांगितली होती. तिसऱ्या बोलीलाच ती ओलांडली गेली. पुढे दोन अनोळखी माणसे एकमेकांवर चढत राहिली आणि आम्ही फक्त आकडे मोठ्याने म्हणत राहिलो. हातोडा पडला तेव्हा आमच्या मनात हळहळ नव्हती असे म्हणणार नाही. ते पुस्तक आजही आमच्या स्वप्नात येते.

मावशींच्या घरावर त्या पावसाळ्यापूर्वी नवी कौले चढली. कौले चढली त्या संध्याकाळी त्या चर्चच्या घरी आल्या आणि टेबलावर पाचशे रुपये ठेवले. "हे तुमचं. माझ्याकडं उगाच राह्यलं होतं." आम्ही घेण्यास नकार दिला असता, तर आमचे सारे प्रायश्चित्त पुन्हा उदारपणाचे सोंग झाले असते. म्हणून आम्ही ते घेतले.

जुन्या वस्तू जपणे हे पुण्याचेच काम आहे. आमच्या किनाऱ्याने वस्तू गमावणे पुष्कळ पाहिले आहे. १७४० साली पोर्तुगीज चौल सोडून गेल्यावर रेवदंड्याच्या कोटातली चर्चे ओस पडली, आणि आज तेथे माडांच्या वाडीत भिंती आणि सातखणी मनोरा तेवढा उभा आहे. म्हणून घरोघरीच्या ट्रंका उघडाव्यात, मेणकापड सोडून पाहावे, असे आम्ही आमच्या कुटुंबांना अवश्य सांगू. केवळ एवढेच की, आत काय आहे ते ज्याला कळते त्याने प्रथम ज्याची ट्रंक आहे त्याला सांगावे, आणि मग बोली लावावी.

पुढच्या नव्या पिकाच्या सणाला मावशींनी वेलीवरचा एक दुधी वाहिला होता. पुकारणाऱ्याने तो उचलला तेव्हा आम्ही मांडवात मागे उभे होतो. बोली वीस रुपयांपासून सुरू झाली. आम्ही तीच पाचशेची नोट खिशातून काढली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.