नदीचं वेळापत्रक

पाऊस सुरू झाला, की आमच्या मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो : ‘आंबोली कधी?’ माझं आजोळ संकेश्वर. तिथून गडहिंग्लज, आजरा करत आंबोली साधारण ७० किलोमीटर. गाडी जाते हिरण्यकेशीच्या उगमाकडे आणि नदी येते उलट्या दिशेने, आपल्या संकेश्वराकडे. पुढे ती घटप्रभेला मिळते. म्हणजे आंबोलीला जाणं हे आमच्यासाठी गावच्या नदीचं माहेर बघायला जाणं आहे. निदान आम्ही तसं समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास आम्ही सातजण उगमापाशी पोहोचलो. तिथे गुहेतून पाणी येतं, शेजारी मंदिर आणि समोर कुंड. धाकट्या मावसभावाच्या हातात ब्लूटूथ स्पीकर होता. “दादा, उतरूया काय पाण्यात?” असं तो विचारतोय तोवर कॅमेरा घेतलेला एक तरुण म्हणाला, “प्लीज, उतरू नका. यात मासे आहेत.”

“नदी काय तुमच्या मालकीची आहे?” भाऊ म्हणाला.

तेवढ्यात अभिषेकाला आलेल्या कुटुंबातल्या काकू वैतागल्या. “आधी ते गाणं बंद करा. देवाच्या दारात आलाय ना!” कॅमेरावाल्याने त्यांच्याही पायाशी पडलेली फुलांची प्लॅस्टिक पिशवी दाखवली. मग काका चिडले. आवाज चढत गेले आणि मागून कुणीतरी बोललं, “कर्नाटकवाले येतात आणि घाण करून जातात.”

आमच्या गाडीची नंबरप्लेट वाचली होती. दहा मिनिटं आम्ही मराठीतच भांडत होतो, तरी! संकेश्वरात आम्ही ‘मराठी लोक’, आंबोलीत ‘कर्नाटकवाले’. फार लागलं. उत्तर द्यायला मी वळलो, तर पायरीवर आमचंच वेफर्सचं पाकीट पडलेलं. गप्प बसलो.

भांडण मिटलं ते चहा-भजीच्या टपरीवर. टपरीवाले मामा म्हणाले, “तुम्ही सगळे रविवारी अकरालाच येता. सकाळी सातला या, कुणाचा कुणाला त्रास नाही. आम्ही गावचे लोक तर पावसाळ्यात रविवारी इकडे फिरकतच नाही.”

पर्यटक, भाविक, फोटोग्राफर भांडत होते आणि ज्यांचं गाव, ते घरी बसले होते.

परतल्यावर आज्जीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या वेळी नदीवर कुणी पाटी लावली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होतं.” पहाटे आंघोळी आणि पूजेचं पाणी. मग बायकांची धुणी, तीही प्रवाहाच्या खालच्या अंगाला. दुपारी जनावरं. शाळा सुटली की पोरांचं पोहणं. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, सगळे त्यात बसायचे. भांडणं तेव्हाही व्हायची, पण कुणाची वेळ कोणती हे माहीत असायचं. आता आपण दुसऱ्या गावाहून येतो, तासाभरासाठी येतो आणि तिथलं वेळापत्रक विचारतच नाही.

या वेळापत्रकात न बोलणारेही आहेत. कॅमेरावाला ज्या माशाबद्दल सांगत होता, तो बोटभर लांबीचाही नाही. २०२० मध्ये तो नवी प्रजाती म्हणून जगासमोर आला, नाव नदीवरूनच : शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली टोड तर फक्त याच भागात सापडतो. पहिल्या पावसात जांभ्या खडकावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. म्हणजे आपल्याला जेव्हा आंबोली आठवते, नेमकी तेव्हाच त्याची वर्षभराची घाई असते. त्या डबक्यात आपला बूट पडला, की त्याचं वर्ष गेलं. बूट पिकनिकवाल्याचा असो की फोटो काढणाऱ्याचा.

ऑफिसात एकाच फाईलमध्ये चौघं एकाच वेळी बदल करायला लागले, की गोंधळ ठरलेला. तिथे आम्ही आधी विचारतो, “कोण काम करतंय?” नदीवर हाच प्रश्न विचारायला मला पस्तिशी गाठावी लागली.

गेल्या जुलैत आम्ही सुट्टी काढून मंगळवारी गेलो. पहाटे साडेपाचला संकेश्वर सोडलं. स्पीकर घरी ठेवला, कचऱ्यासाठी पिशवी घेतली. कुंडात कुणी उतरलं नाही. भिजायची हौस मोठ्या धबधब्यावर भागवली. खडकावर चालताना डबकी टाळली आणि अंधार पडायच्या आत घाटमाथा सोडला, कारण रात्री बेडूक रस्त्यावर येतात.

टपरीवर मामांनी ओळखलं. “संकेश्वरचे ना तुम्ही?” म्हणाले. नंबरप्लेट त्यांनीही वाचली असणार. पण या वेळी गावाचं नाव घेतलं, ते बरं वाटलं. शेजारच्या बाकावर गावातलीच दोन म्हातारी माणसं निवांत चहा पीत बसली होती.