आतल्या चाकाची हवा

अमरावती-अकोला रस्त्याचं कौतुक आपल्याला नवीन नाही. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या मार्गावर ७५ कि.मी. डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण मित्रांनो, रस्ता गुळगुळीत झाला की गाडीचा वेगही वाढतो. मग सगळी भिस्त टायरमधल्या हवेवर. त्या हवेबद्दलच मला चार शब्द सांगायचे आहेत.

माझे मामा अकोल्याचे. त्यांचा दहाचाकी ट्रक आहे. तूरडाळ, सरकी, कापसाच्या गाठी, मिळेल तो माल नेतात. मी पडले कॉन्व्हेंटची! ‘इन्फ्लेशन प्रेशर’ची व्याख्या मला तोंडपाठ, पण क्लीनर टॉमीने चाकं का ठोकतो हे मामांनीच शिकवलं. भरलेला टायर ‘ठण्ण’ वाजतो, हवा कमी असलेला ‘भद्द’. पुढची दोन चाकं सोडली तर मागे आठ चाकं जोडीजोडीने असतात. त्यातली आतली चार धड दिसतही नाहीत. आतला टायर बसला तरी बाहेरचा भार उचलून धरतो, म्हणून ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही. इकडे दोघांचं ओझं एकट्यावर येऊन तो बाहेरचा तापत असतो...

म्हणूनच मामांनी सहा वर्षांपूर्वी सेन्सर बसवून घेतले होते. रिमच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेली छोटीशी डबी. ती हवेचा दाब आणि तापमान मोजते आणि रेडिओ लहरींनी केबिनमधल्या डिस्प्लेला कळवते. 

यंदाच्या उन्हाळ्यात मामांनी रिमसकट नवी चाकं घेतली. आता जुनेच सेन्सर काढून लावायचे की नवे घ्यायचे? दुकानात मामा म्हणाले, “काऊन वं पोरी, चालू हायेत तं राहू दे ना! अन् उन्हाळ्यात हवा जराशी कमी ठेवली का झालं!”

हे दुसरं वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, आणि खरा धोका तिथेच आहे. मी वही काढली. सकाळी २७ अंशाला ११० पी.एस.आय. हवा भरली आणि दुपारी टायरमधली हवा ६७ अंशांवर गेली, तर दाब साधारण १२६ होतो. एवढी वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. म्हणून दाब नेहमी थंड टायरचा मोजायचा आणि तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. उलट हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आतून तापते, थर सुटतात आणि मग तो फुटतो. अकोल्याचा मे महिना त्यात भरच घालतो!

मामा जरा वेळ गप्प बसले. मग मी सेन्सरचं सांगितलं. त्याची बॅटरी सीलबंद असते, बदलता येत नाही. तिचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. आज जुना लावला आणि वर्षभरात बंद पडला तर टायर पुन्हा उतरवावा लागणार. शिवाय प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो. कोणता नंबर कोणत्या चाकाचा हे डिस्प्लेला नव्याने शिकवलं नाही तर उजवीकडची हवा उतरेल आणि आपण डावीकडे शोधत बसू. टायर चढवणाऱ्यालाही आधी सांगावं लागतं, नाहीतर त्याच्या पान्याने डबी फुटते.

अमेरिकेत फायरस्टोन टायरच्या अपघातांत माणसं दगावल्यावर २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० च्या नियमांत साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी तिचा उल्लेख आला. मामांचा ट्रक त्याच्या कितीतरी पुढचा. म्हणजे इथे सक्ती नाही, ज्याची त्याची समज!

शेवटी मामांनी आतल्या चार चाकांना नवे सेन्सर घेतले. बाहेरच्या सहांना जुनेच, पण रबरी सील आणि व्हॉल्व्हच्या पिना नव्या. सगळ्यांचे नंबर डिस्प्लेला शिकवून झाल्यावर क्लीनरने विचारलं, “मंग मालक, आता टॉमी माराची नाही का?”

“माराची ना बे! मशीनबी कधी झोपते.”

मला वाटतं, इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे वाक्य शोभेल. सेन्सर आपल्याला न दिसणारं चाक दाखवतो, पण डिस्प्ले गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे.

तेव्हा मित्रांनो, हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या आपल्या गाड्यांची हवा सकाळी, थंड असताना तपासा. आणि घरी कुणाचा ट्रक असेल तर आतल्या चाकांची चौकशी नक्की करा. मामांचा क्लीनर माझ्याच वयाचा आहे, वीस वर्षांचा. रात्री तो त्याच केबिनमध्ये झोपलेला असतो.