कान पिळायचा रेडिओ

वेंगुर्ल्यात रेडिओ लागत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. ते अर्धसत्य आहे. एफएम धड लागत नाही हे खरं, पण रेडिओ म्हणजे एफएम ही आपली, शहरात राहणाऱ्यांची समजूत. उरलेलं अर्धं सत्य मला आत्यासाठी सेट शोधताना कळलं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरच्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, त्यांना तो पाठ आहे.

आत्या वेंगुर्ल्याला एकटी राहते. घर बंदराच्या बाजूला, मागे डोंगर, पुढे माड आणि माडांपलीकडे समुद्र. काका गेल्यापासून घरात बोलणारं माणूस नाही. काकांचा मर्फी होता, ठाण्याच्या कारखान्यात बनलेला, व्हॉल्व्हचा. सुरू केला की तापायला वेळ घ्यायचा आणि मग आवाज हळूहळू वर यायचा. त्याचं लायसन्सचं पुस्तकही ट्रंकेत जपून ठेवलंय, पोस्टाचे शिक्के मारलेलं. रेडिओ ऐकायला सरकारला वर्षाला पैसे भरायचे, हे आमच्या पोरांना सांगितलं तर त्यांना थाप वाटते. मर्फी बंद पडला, त्यानंतर एक ट्रान्झिस्टर आला, तोही खाऱ्या हवेने खाल्ला. मग काही वर्षं नुसता टीव्ही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. विजेचे खांब आडवे, झाडं रस्त्यावर, मोबाइलला रेंज नाही. त्यात कोरोनाचे निर्बंध, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला ई-पास. आम्ही पुण्यात टीव्हीवर वादळाचा नकाशा बघत होतो, आतेभाऊ दुबईत बघत होता आणि जिच्या डोक्यावरून ते गेलं तिला काहीच दिसत नव्हतं. पाचव्या दिवशी फोन लागला. पहिलं वाक्य काय असेल? "वादळ खय गेला रे?"

वादळ तोवर गुजरातेत जाऊन विरूनही गेलं होतं. १७ तारखेच्या रात्रीच ते तिथे जमिनीवर चढलं. आत्या मात्र ते परत फिरून येईल म्हणून आणखी तीन रात्री दार लावून बसली होती. छपराची कौलं उडाली याचं तिला फार काही वाटलं नाही. कुणी काही सांगितलं नाही, याचं वाटलं.

त्यानंतर घरात जे व्हायचं ते झालं. तिला पुण्याला आणा, मुंबईला ठेवा, एकटीला ठेवणं बरोबर नाही. ती हलायला तयार नव्हती. शेवटी ती म्हणाली, "माका रेडिओ दी मरे एक. बाकी माझा मी बघतंय." (मरे हा मालवणीतला लाडिक शब्द आहे, शिवी नाही.)

तर मंडळी, प्रश्न असा होता. एफएम न लागणाऱ्या गावात, दिवसेंदिवस वीज जाणाऱ्या घरात, नजर कमी झालेल्या आणि बोटं आखडलेल्या बाईसाठी रेडिओ कुठला घ्यायचा?

पहिली सूचना अर्थातच मोबाइलची. मोबाइलमधला एफएम इयरफोनची वायर जोडल्याशिवाय बहुतेक फोनवर चालतच नाही, कारण ती वायर हाच त्याचा एरियल. ॲपवरचा रेडिओ तर रेडिओ नव्हेच, ते इंटरनेट. टॉवर पडला की दोन्ही गेले, एक बॅटरीमुळे आणि दुसरा रेंजमुळे. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका, असं केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना सांगितलं, ते अशाच आपत्तींच्या विचाराने. चांगलंच आहे. पण जिथे एफएमची लहरच पोचत नाही तिथे फोन काय करणार?

एफएम का पोचत नाही हे समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. एफएमची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. मनोऱ्याच्या टोकावरून तुमचं घर दिसेल अशी वाट मोकळी असली तर उत्तम. आमच्याकडे मध्ये डोंगर, सडे आणि घाट्या. पणजीचा १०५.४ सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटरवर, पण घरात तो येतो नि जातो. सेट हातभर सरकवला की लागतो, पुन्हा सरकवला की खरखर. यात सेटचा दोष नाही. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटर लांब असते, आणि डोंगराला आपटून आलेली व सरळ आलेली अशा दोन लहरी कुठे एकमेकींना उचलतात, कुठे मारतात. म्हणून दोन-अडीच फुटांत जागा चांगली की वाईट ते ठरतं. उन्हाळ्यातल्या शांत संध्याकाळी याच्या उलट गंमत होते. समुद्रावर गरम हवेचा थर बसला की लहरी त्याखालून वाकून लांबवर येतात आणि कधी न ऐकलेली स्टेशनं घुसतात. मजा येते, पण त्यावर वादळाची बातमी अवलंबून ठेवता येत नाही.

मीडियम वेव्हचं तसं नाही. ती जमिनीला धरून चालते, आणि कशावरून चालते याला फार महत्त्व आहे. कोरड्या कातळावरून जाताना ती लवकर दमते. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे समुद्रावरून ती कितीतरी लांब जाते. आता नकाशा बघा. पणजी दक्षिणेला, रत्नागिरी उत्तरेला एकशेतीसेक किलोमीटर, मुंबई त्याच बाजूला साडेतीनशेच्या वर. तिन्ही किनाऱ्याच्याच पट्ट्यात! एफएमला आडवा येणारा डोंगर मीडियम वेव्हला तसा आडवा आला नाही. त्या वर्षी १० सप्टेंबरला चतुर्थी होती. गणपतीला गेलो तेव्हा भर दुपारी आत्याच्या पडवीत पणजीचं १२८७ आणि रत्नागिरीचं ११४३ स्पष्ट, आणि मुंबईचं ५५८ कान देऊन ऐकलं तर समजेल इतपत येत होतं. आमच्या घराण्यात हे कुणी मानायला तयार नव्हतं.

पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत फिरून आणि थोडं मागवून मी तीन सेट नेले होते.

पहिला बाजारात सगळीकडे मिळतो तसला. पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, दिवे, टॉर्च, सगळं आहे आणि वर रेडिओही आहे. किंमत कमी, आवाज ढणाढण. मीडियम वेव्हवर मात्र त्याला स्वतःचीच खरखर ऐकू यायची. आतला फेराइटचा दांडा बोटाएवढा, आणि शेजारी डिजिटल सर्किट सतत किरकिर करणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांचं तेच आहे.

दुसरा टेकसन कंपनीचा पीएल-३१०ईटी. हाताएवढा, आत डीएसपी चिप, आकड्यांचा पडदा. हा ऐकतो उत्तम, आणि लहर किती जोरात आहे व खरखरीच्या मानाने किती वर आहे हे आकड्यांत दाखवतो. (असला सेट घेतलात तर मीडियम वेव्हची पायरी ९ किलोहर्ट्झवर ठेवा. अमेरिकेत ती १० असते, आणि तशीच राहिली तर आपली स्टेशनं दोन आकड्यांच्या मध्ये पडतात.)

तिसरा जुन्या वळणाचा. पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढा, आत वीतभर लांब फेराइटचा दांडा, समोर काटा, बाजूला मोठी चकती, मागे मोठे सेल.

टेकसन घेऊन मी घरभर फिरलो, आत्या मागून. माजघरात आकडा अगदी खाली, पडवीत बरा, विहिरीपाशी सगळ्यात वर. आत्या म्हणाली, "मगे काय, बावीर बसान ऐकू?"

विहिरीपाशी काय आहे? काही नाही, हेच उत्तर. विहिरीपाशी वीज नाही. हे कळलं ते संध्याकाळी. आरती चालू असताना लाइट गेली, आणि कोपऱ्यात बारीक आवाजात खरखरणारी पणजी एकदम शेजारच्या खोलीत बसल्यासारखी बोलायला लागली. लाइट आली की पुन्हा खरखर. दुसऱ्या दिवशी सगळी बटणं बंद करून एकेक चालू करत गेलो. एक एलईडी ट्यूब आणि एक स्वस्तातला चार्जर, हे दोन गुन्हेगार. ट्यूब बदलली, चार्जर काढून टाकला. अर्धं रिसेप्शन तिथेच सुधारलं, आणि खर्च एका ट्यूबचा. सेट विजेवर चालवायचा नाही, सेलवरच, हेही तेव्हाच ठरलं. म्हणजे ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी आत्याचा रेडिओ सगळ्यात चांगला लागेल. वादळाला हेच तर हवं.

आता आडवं-उभं. फेराइटचा दांडा आपल्या कुशीच्या बाजूने ऐकतो, टोकांच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो. आमचा किनारा उभा, उत्तर-दक्षिण, आणि स्टेशनंही त्याच रेषेत. दांडा पूर्व-पश्चिम ठेवला की पणजी, रत्नागिरी, मुंबई तिन्ही कुशीत येतात. पूर्वेला शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, तो बरोबर टोकावर, म्हणजे बहिऱ्या बाजूला. सेटचं तोंड दक्षिणेच्या खिडकीकडे केलं की काम झालं. असा सरळ किनारा मिळायला भाग्य लागतं.

आकड्यांनी विचाराल तर टेकसन जिंकला. मी तो आत्याच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट केला, छोट्या बटणांवर आखडलेला अंगठा ठेवला, एकाच वेळी दोन दाबली गेली आणि पडद्यावर भलतंच काही आलं. तिने तो शांतपणे परत दिला. "माका कान पिळूचो रेडिओ व्हयो. बटनां नको."

तिसरा सेट राहिला. काट्याच्या काचेवर पणजीच्या जागी नेलपॉलिशने लाल खूण केली, रत्नागिरीला दुसरी. अंधारातही चकती फिरवताना काटा कुठे आहे हे तिला आवाजावरून कळतं. मीडियम वेव्हवर स्टेशनच्या जवळ येता येता आवाज आधी पुसट मग स्पष्ट होतो, बटणाच्या सेटमध्ये ही चाहूलच नसते. एफएमसाठी दीड मीटरची साधी वायर खिडकीच्या चौकटीला आडवी बांधून एरियलला चिमट्याने लावली. पावसाळ्यात विजा कडकडू लागल्या की ती काढायची, हे तिला तीनदा सांगितलं. (ती म्हणाली, एकदा सांगितलं तरी कळतं.)

आतेभावाने दुबईहून विचारलं, "पण रेडिओने तिची खबर आपल्याला कशी कळणार?" नाही कळणार. रेडिओ एकाच दिशेने बोलतो. पुढच्या वादळात आम्ही पुन्हा पाच दिवस फोनला चिकटून बसू आणि आम्हाला काहीही कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपण म्हाताऱ्या माणसांसाठी ज्या वस्तू घेतो त्यातल्या बऱ्याचशा आपली काळजी कमी करण्यासाठी असतात. कॅमेरा, मनगटावरचा पट्टा, दर तासाचा फोन. हा सेट आमची काळजी जराही कमी करत नाही. तो तिची करतो. मासेमारांना दिलेला इशारा तिच्याही कानावर पडतो, वादळ कुठवर आलं आणि कुठे गेलं हे तिला कळतं. एरवी वीज असते, पाऊस नसतो, तेव्हाही तो दिवसभर चालू. काय ऐकतेस विचारलं तर म्हणाली, "गाणी नसली तरी चलात. कोणतरी घरात बोलता आसा असां वाटता." पणजीवर कधी कोकणी, कधी मराठी, तिला दोन्ही आपल्याच.

मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. ते मुंबई आकाशवाणीत नोकरीला होते आणि त्यांची भावगीतं रेडिओमुळे घरोघर पोचली. इथला माणूस तिथे जाऊन लिहितो आणि त्याचे शब्द परत त्याच्या गावी येतात, काकांना या गोष्टीचा फार अभिमान होता. 

कुणाला आपल्या गावासाठी सेट घ्यायचा असेल तर माझा एवढाच अनुभव. दुकानात जाण्याआधी घर ऐका. वीज बंद करून ऐका, आणि ज्या वेळी ते माणूस ऐकणार त्याच वेळी ऐका, कारण सूर्य मावळला की मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं एकमेकांवर चढतात. जुन्या माहितीवर विसंबू नका. मीडियम वेव्हची कितीतरी प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत, त्यामुळे काका काय ऐकायचे यापेक्षा आज काय लागतं ते महत्त्वाचं. आणि सेट शेवटी ज्याच्या हातात राहणार त्याच्या हातात देऊन बघा.

असो. चतुर्थीला येणाऱ्या सर्वांना एक विनंती. येताना मोठे सेल घेऊन या, जुने सेल कप्प्यात ठेवून जाऊ नका (खाऱ्या हवेत ते लगेच पाझरतात), आणि कुणीही कितीही हुशार असलं तरी लाल खुणेवरचा काटा हलवू नका.