कोर्टाच्या घुमटाखालचं गाव

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मन्रोव्हिल गावी, साउथ अलाबामा अव्हेन्यूवर मेल्स डेअरी ड्रीम नावाची एक पांढरी टपरी आहे. खिडकीतून बर्गर घ्यायचा, आइस्क्रीम घ्यायचं आणि बाहेरच खायचं. या टपरीच्या जागी एकेकाळी हार्पर लीचं घर होतं. शेजारी फॉक कुटुंबाचं घर होतं, आणि तिथे आईवडिलांनी नातलगांच्या हवाली केलेला ट्रूमन कपोटी नावाचा मुलगा राहायचा. दोन्ही घरं आता नाहीत. मधल्या दगडी कुंपणाचा थोडा भाग उरला आहे, आणि त्याच्या जोडीला एक माहितीफलक.

जेमतेम सहा हजार वस्तीच्या या गावाने दोन मोठे लेखक एका कुंपणाच्या अल्याड-पल्याड वाढवले, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही. ट्रूमन १९२४चा, ली १९२६ची. तिच्या वडिलांनी दिलेल्या जुन्या टाइपरायटरवर दोघं गोष्टी रचायची. पुढे तिच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत तो डिल होऊन आला, आणि त्याने तिला आपल्या पहिल्या कादंबरीतली आयडाबेल केलं. लहान मुलाचं गाव केवढं असतं? हाक ऐकू येईल तेवढं. एक वळण, एक झाड, ज्याच्या फाटकापाशी पावलं आपोआप भराभर पडतात असं एक घर. फलक लावणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते फार उशिरा येतात.

मन्रोव्हिलमध्ये मात्र फलकाची गरज नसलेली एक खूण आहे: चौकातलं जुनं कोर्ट. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधलेलं, लाल विटांचं, वर पांढरा घुमट आणि घड्याळ. आपल्या तालुक्याच्या गावात कोर्टाभोवती वकील, टंकलेखक आणि चहावाले गोळा होतात. अमेरिकेच्या दक्षिणेत अख्खं गावच कोर्टाभोवती बसवलेलं असतं. बँक, दुकानं, वर्तमानपत्राची कचेरी, सगळं त्या चौकात. लीचे वडील ए. सी. ली वकील होते आणि गावातल्या ‘मन्रो जर्नल’चे संपादकही. आतला कोर्टरूम लंबगोल आहे आणि वरती सज्जा आहे. त्या काळी कृष्णवर्णीयांनी बसायचं ते वर. मुलगी वडिलांचं काम बघायची ते याच खोलीत.

१९६०मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि मग चित्रपटासाठी हॉलिवूडची माणसं गावात आली. पण तोवर गाव इतकं बदललेलं होतं की तिथे चित्रीकरण जमेना. कलादिग्दर्शक हेन्री बमस्टेडने कोर्टरूमची मापं घेतली आणि तो स्टुडिओत जसाच्या तसा उभा केला. कादंबरीतल्या गल्लीसाठी लॉस एंजेलिसमधली पाडायला काढलेली घरं उचलून आणली. म्हणजे मन्रोव्हिलचं बालपण जतन झालं ते कॅलिफोर्नियात, दुसऱ्याच कुणाच्या घरांच्या भिंतींनी. गावातली मूळ घरं पडत होती तेव्हा कुणी फारसं हळहळलं असेल, असं वाटत नाही.

नंतर गावाला आपली किंमत कळली. १९९७मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने मन्रोव्हिलला राज्याची साहित्यिक राजधानी ठरवलं. जुनं कोर्ट संग्रहालय झालं. नव्वदच्या दशकापासून वसंतात तिथे कादंबरीवरचं नाटक होतं, आणि ते करतात गावातलेच हौशी लोक. पहिला अंक बाहेर हिरवळीवर. दुसऱ्या अंकाला प्रेक्षक उठून कोर्टात जाऊन बसतात. ज्यूरी प्रेक्षकांतून निवडतात; तीसच्या दशकाला धरून, गोरे पुरुष. ते आत जातात, बाहेर येतात आणि गोष्टीतल्या निरपराध कृष्णवर्णीय आरोपीला, टॉम रॉबिन्सनला, दोषी ठरवतात. गावातल्या एखाद्या मुलीला गोष्टीतल्या वकिलाच्या मुलीची, स्काउटची भूमिका मिळते. तिच्या बालपणातलं कोर्ट कसं असेल? ज्या सज्जात ती रोज तालमीला चढते, तो खरा की गोष्टीतला, हे तिला कधी वेगळं करता येत असेल का?

गोष्टीतला वकील ॲटिकस फिंच ज्याच्यावरून बेतला, त्या माणसाचा अनुभव काही निराळा होता. १९१९मध्ये तरुण ए. सी. लींनी दोन कृष्णवर्णीयांचा, एका बापलेकाचा खटला लढवला. दोघांना फाशी झाली. नंतर ते फौजदारी कामापासून दूर राहिले, असं चरित्रकार सांगतात. मला ॲटिकस फिंचपेक्षा हा हरलेला तरुण वकील जास्त कळतो.

याच गावच्या आणखी एका खुणेकडे कुणी प्रेक्षकांना नेत नाही. नोव्हेंबर १९८६मध्ये मन्रोव्हिलच्या एका ड्राय-क्लीनिंगच्या दुकानात एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. त्याच सकाळी वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय लाकूडतोड्याच्या घरी मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालू होता. नातलग होते, चर्चची माणसं होती, रस्त्याने जाणारे थांबून मासे घेत होते. खुनाच्या वेळी तो कुठे होता हे सांगणारे इतके साक्षीदार क्वचितच कुणाला मिळत असतील. तरी आरोप त्याच्यावरच आला. खटला दुसऱ्या काउंटीत हलवला गेला आणि दीड दिवसात संपला. ज्यूरीने जन्मठेप सुचवली; न्यायाधीशाने ती बदलून मृत्युदंड दिला. न्यायाधीशाचं नाव होतं रॉबर्ट ई. ली की, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीवरून ठेवलेलं. दक्षिणेत कधीकधी माणसांच्या नावांतच सगळा नकाशा असतो.

ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने प्रकरण लावून धरलं. ज्या गावाला मॉकिंगबर्डचा एवढा अभिमान, तिथेच हे कसं चालतं, याचं आश्चर्य त्याने ‘जस्ट मर्सी’ या पुस्तकात लपवलेलं नाही. १९९३मध्ये मॅकमिलियन सुटला. सहा वर्षं मृत्यूच्या कोठडीत काढलेला हा माणूस कुठे गेला असेल? तो परत मन्रो काउंटीतच आला. पुन्हा जंगलात झाडं तोडायला लागला. अंगावर फांदी पडून मान मोडली, तेव्हा ते काम सुटलं. मग जुन्या मोडक्या गाड्या गोळा करून त्यांचे भाग विकू लागला. २०१३मध्ये तो वारला.