ड्यूटीची बॅग

कंपनीचे साहेब कामानिमित्त विमानाने फिरतात. आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षिकांचा कामाचा प्रवास म्हणजे निवडणूक ड्यूटी. आदेश हातात पडतो, प्रशिक्षणे होतात. पण मतदान केंद्र नेमके कुठले, ते आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या ठिकाणीच कळते. म्हणजे मुक्काम माहीत नसताना बॅग भरायची.

आमच्या अम्मी आणि खाला बॅग भरत, ती माहेरी जाताना, लग्नाला जाताना, नाही तर बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना. सरकारी हुकमाने एकटीने मुक्कामाला जाणारी आमच्या घरांतली आमची पहिलीच पिढी. ही बॅग कशी भरायची, हे सांगणारे घरात कोणी नव्हते.

शिकवले ते सरकारी साहित्याने. यंत्रांबरोबर मिळणाऱ्या पिशवीत लाखेच्या कांड्या, मेणबत्ती, काडेपेटी, दोरा, ब्लेड, कार्बन पेपर असे सगळे यादीबरहुकूम असते. शाईची बाटली कलंडू नये म्हणून ती ठेवायला एक वाटीसुद्धा. म्हैसूरला बनणारी ही शाई १९६२ पासून मतदारांच्या बोटाला लागते आहे. कधी तरी कुणाच्या टेबलावर ती सांडली असेल, म्हणूनच वाटी यादीत आली असणार. चांगली यादी अशी अनुभवातून वाढते.

आमचीही तशीच वाढली. बॅग खांद्याला अडकेल एवढीच हवी. दोन्ही हात यंत्रांसाठी मोकळे लागतात. नियुक्तीचा आदेश, ओळखपत्र आणि पेन वेगळ्या पाकिटात. सरकारी लिफाफ्यांत आपला कागद मिसळू द्यायचा नाही. चादर, टॉर्च, चार्जर, डासांचे मलम, पाण्याची बाटली. तोशा म्हणून खजूर आणि भाजलेले चणे, कारण सालन दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. तारीख लांब असली तरी पाळीचे सामान. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान सकाळी ७ ला सुरू झाले. त्याच्या दीड तास आधी, एजंटांसमोर, किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे असते. हिवाळ्यात फजरची वेळही नेमकी तीच. म्हणून जानमाज बॅगेत सर्वांत वर ठेवायची. सूर्य उगवण्याआधी पाच मिनिटे मिळाली की शोधाशोध नको. रात्री साहित्य जमा करताना नमुना १७-सी पहिल्यांदा मागतात. तो हाताशी असला की रांगेतला अर्धा तास वाचतो.

एवढे झाले तरी ही बॅग आमच्यासाठी दुसरीच असते. पहिली भरावी लागते ती घराची. दोन दिवसांचे पीठ मळून ठेवा, मुलांचे गणवेश इस्त्री करा, सासऱ्यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या पुड्यांत बांधा, गॅसचा नंबर लावा. हे करता करता रात्रीचे बारा वाजतात आणि आपली बॅग डोळ्यांवर झोप घेऊन भरली जाते. राहून जाते ते नेहमी आपलेच काही तरी.

मतदान केंद्रावर कामाची वाटणी किती स्वच्छ असते! एक अधिकारी ओळख पटवतो, दुसरा शाई लावून नोंद घेतो, तिसरा यंत्र सांभाळतो, वर केंद्राध्यक्ष. घरात मात्र चारही अधिकारी आपणच.

म्हणून आता आम्ही मैत्रिणी दोन याद्या करतो. बॅगेची यादी शिक्षकखोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, उर्दूत. ड्यूटीवरून परतलेली प्रत्येक बाई तिच्यात एखादी ओळ वाढवते. घराची यादी आम्ही फ्रिजवर लावतो, आणि प्रत्येक कामासमोर नाव असते: गोळ्या, मोठा मुलगा, पीठ, नणंद, गणवेश, मुलांचे अब्बा. सुरुवातीला घरात हसले. मग पहिल्याच ड्यूटीला इस्त्री थोडी वाकडी झाली, पण झाली. नव्याने लागलेल्या मुली बॅगेची यादी उतरवून घ्यायला येतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो, आधी फ्रिजवरची यादी लिहा आणि तिच्यावर आपले नाव एकदाही येऊ देऊ नका.