माणदेशातला वैशाख आणि एक पिल्लू

माणदेश पाहायचा तर वैशाखात पाहावा, असे मी म्हटले की आमच्या कार्यालयातली तरुण मंडळी हसतात. पण वाचकहो, पावसाळ्यात कुठलाही मुलूख हिरवाच दिसतो. मुरूम कुठे उघडा पडला, बांध कुठे फुटला, कुठल्या ओढ्याच्या पोटात अजून ओल आहे, हे उन्हातच कळते.

गेल्या वैशाखात शेततळ्याच्या जागा पाहण्यासाठी म्हसवडजवळच्या माळावर माझा मुक्काम होता. इथून राजेवाडीचा तलाव जवळ. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून माण नदी अडवून या तलावाचे काम सुरू झाले. आपल्या पणजोबांच्या पिढीने पोटासाठी उपसलेली ती माती आहे, हे त्या बांधावर उभे राहिले की जाणवते.

पहाटे निघालो तर मुक्कामाच्या घरचे पाच महिन्यांचे पिल्लू मागे लागले. नाव वाघ्या. घरच्या आजी म्हणाल्या, "न्या की सायेब, पर दुपारी सावलीला बांधा. त्याला अजून अक्कल यायची हाय."

पहाटेचा माळ तुम्ही जाणताच. गार वारा, टिटवीची ओरड, तरवडाची पिवळी फुले. वाघ्या प्रत्येक दगड हुंगत होता, होल्यांच्या मागे धावत होता. आठच्या सुमारास एक मेंढरांचा कळप भेटला. कळपाचे म्हातारे कुत्रे हिवराच्या बुंध्याशी माती उकरून त्या गार खळग्यात पोट टेकून पडले होते. वाघ्याला ते काय कळणार! तो कोकरांशी खेळायला धावला, तो थांबेचना. मी दोरी घेऊन गेलो की त्याला वाटे, हाही खेळच.

दहा वाजेपर्यंत जमीन तापली. तुम्हीही करून पाहा: हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून सावकाश सातपर्यंत आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही तिथे भाजतात. आपल्याला सर्वांगाला घाम येतो, बैलालाही येतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्याने अंग निवत नाही. त्याचा सारा भरवसा धापेवर. जीभ, तोंड आणि श्वासनळीतली ओल वाऱ्याने उडते, तेवढाच गारवा. हवाच तापली आणि अंगातले पाणी कमी झाले की धाप वाढते, पण ताप उतरत नाही.

वाघ्याची धाप आता घरघरू लागली होती. तोंडातून चिकट लाळ गळत होती, मागचे पाय वाकडे पडत होते. मी हाक मारणार तोच मेंढरांमागची बाई म्हणाली, "हाकारू नका सायेब. हाक ऐकली की पळत यील अन् पडंल. उचलून आणा." तिने त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या लालभडक झाल्या होत्या. "आमचं एक गेल्या साली असंच गेलं," एवढेच ती बोलली.

सावलीत आडवे करून तिने कॅनमधले पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतले आणि मला टोपीने वारा घालायला लावला. माझ्याजवळ ओले पोते होते, ते तिने बाजूला टाकले. बाईचे बरोबर होते. अंगावर टाकून ठेवलेले पोते लगेच गरम होते आणि वारा अडवते. तोंडातही पाणी ओतू दिले नाही. शुद्ध डळमळीत असलेल्या जनावराच्या घशात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाते. पंधरा-वीस मिनिटांनी वाघ्याने स्वतःच मान उचलली आणि जर्मनच्या ताटलीतले पाणी चाटले.

निरोगी कुत्र्याचा ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतो. १०६ च्या पुढे गेला तर आतडी, मूत्रपिंडे, मेंदू यांना इजा होते, आणि ती कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणून कुत्रे उठून शेपटी हलवू लागले तरी डॉक्टरांना दाखवावेच. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. मी म्हसवडच्या डॉक्टरांना फोन केला आणि दुपारी वाघ्याला मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन दाखवून आणले. त्यांनी तपासले आणि वर विचारले, "रेबीजची लस झालीय का?" नव्हती. तीन महिन्यांच्या पिल्लाला ती द्यायची असते, पुढे दरवर्षी. आजारातून पुरता सावरल्यावर आठवड्याने आणा, म्हणाले.

घरच्या आजींनी सगळे ऐकून घेतले आणि रांजणाखालच्या ओल्या मातीत वाघ्याची जागा केली. खरे सांगायचे तर आपल्याकडे बैलाची सावली आधी ठरते, शेळीची मग, आणि राखणीच्या कुत्र्याची कुणी ठरवतच नाही. दुपारी बारा ते चार त्याला शेतावर नेऊ नये, नेले तर खेळवू नये. लहान पिल्लू दमले तरी थांबत नाही, थांबवायचे आपण.

दिवस कलल्यावर उरलेल्या दोन जागा पाहायला पुन्हा माळावर गेलो. बाई वाघर गुंडाळून घोड्यावर लादत होती. रात्रीच्या गारव्यात कळप पुढच्या पाण्याकडे निघणार होता. "जगलं का?" तिने लांबूनच विचारले. मी मान हलवली. म्हातारे कुत्रे खळग्यातून उठले, अंग झाडले आणि मेंढरांच्या मागे चालू लागले.